अकरा फुटांची खोली

१

संध्या साळवेला नोकरी लागली तेव्हा तिच्या वडिलांनी सिल्लोडच्या एसटी डेपोत पेढे वाटले. ते तिथं मेकॅनिक होते. पोरगी फायनान्स घेऊन एमबीए झाली आणि आता संभाजीनगरात घरकर्ज देणाऱ्या कंपनीत ऑफिसर म्हणून बसणार, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले. त्यातला ‘बसणार’ हा शब्द चुकीचा होता, हे संध्याला पहिल्याच दिवशी कळलं.

“रियल इस्टेट फायनान्स म्हणजे काय वाटलं तुला? काचेची केबिन आन् एसी?” शाखेचे मॅनेजर अप्पाराव म्हणाले. बोलताना ते समोरच्या माणसाकडं बघत नसत, त्याच्या कागदांकडं बघत. “कर्ज कागदावर मंजूर होतं, घर जमिनीवर असतं. आधी जमिनीवर जाऊन बघून ये.” आणि त्यांनी टेबलाखालून एक काळी बॅग पायानंच तिच्याकडं सरकवली.

बॅगेत एक पोलादी टेप होती आणि लेझरचं मीटर होतं, मोबाईलपेक्षा थोडं जाड. तिच्या आधी हे काम करणाऱ्या संघपालचं नाव त्याच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं. संघपाल चार महिन्यांत नोकरी सोडून गेला होता. का, असं तिनं विचारलं तेव्हा अप्पाराव म्हणाले, “पळपुटा होता.”

काम सोपं होतं. ज्या फ्लॅटवर कर्ज द्यायचं तिथं जायचं. प्रत्येक खोलीत मीटरची मागची कड भिंतीला लावून बटण दाबायचं. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो, मीटर ‘टीक’ करतं आणि आकडा दाखवतं. तो नकाशातल्या आकड्याशी जुळला की फोटो काढायचा, रिपोर्टवर सही करायची. बिल्डिंगांवरची माणसं तिला पाणीही विचारत नसत. ही आपल्या चुका काढायला आलेली बाई, एवढंच त्यांना ठाऊक. तरीही महिनाभरात संध्याला ते काम आवडायला लागलं. कोऱ्या घरातला पुट्टीचा वास तिला आवडायचा. कपाट कुठं बसेल, पाळणा कुठं टांगतील, हे ती उगाच ठरवत बसायची.

२

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, ती चिकलठाण्याच्या पुढं जालना रोडलगतच्या एका नव्या बिल्डिंगवर गेली. फ्लॅट नंबर पाचशे तीन. इमारत पूर्ण झाली होती, पण राहायला कुणी आलं नव्हतं. खाली कचरू नावाचा म्हातारा वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

“मामा, पाचशे तीनची किल्ली द्या.”

त्यानं तिच्या चेहऱ्याआधी बॅगेकडं पाहिलं. “मोजायला आल्या व्हय?”

“हो.”

“पैले ते पोरगंबी मोजायलाच येयचं.” त्यानं किल्ली तिच्या हातात न देता कठड्यावर ठेवली. “लिफ्ट बंद हाय. मी काय वर येणार नाय.” आणि त्यानं खुर्ची उचलून, तिच्याकडं पाठ होईल अशी फिरवून ठेवली.

पाच मजले चढून संध्यानं दार उघडलं. हॉल नकाशाप्रमाणं भरला. स्वयंपाकघर भरलं. रिकाम्या घरात असतो तसा तिच्या चपलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. मग ती बेडरूममध्ये गेली आणि तो आवाज थांबला.

थांबला म्हणजे पावलं वाजत होती, पण घुमत नव्हती. गाद्या, कपाटं, माणसं असा संसार भरलेल्या खोलीत जसा आवाज दबतो तसा दबत होता. खोलीत तर काहीच नव्हतं. समोर पांढरी भिंत, डावीकडं खिडकी, खिडकीतून आत सांडलेलं डोळे दिपवणारं ऊन.

नकाशात बेडरूम अकरा बाय दहा होती. रुंदी दहा फूट बरोबर आली. लांबीसाठी तिनं दारालगतच्या भिंतीला मीटर लावलं आणि बटण दाबलं. टीक.

नऊ फूट चार इंच.

तिनं पुन्हा दाबलं. नऊ फूट चार इंच. समोरच्या भिंतीवर ठिपका शोधला तर दिसेना. एवढ्या उन्हात कसा दिसणार, असं म्हणून ती समोरच्या भिंतीकडं गेली आणि तिथून उलटं माप घेतलं.

आठ इंच.

तिला हसू आलं. मीटर बिघडलं होतं, दुसरं काय? तिनं टेप काढून बाजूच्या भिंतीच्या कडेनं सरळ जमिनीवर अंथरली. टेप म्हणाली अकरा. इंचभर कमी नाही, इंचभर जास्त नाही. ती हॉलमध्ये जाऊन पुन्हा मीटर दाबून आली. हॉलचं माप अचूक येत होतं. परत बेडरूममध्ये इकडून नऊ फूट चार, तिकडून आठ इंच. बेरीज दहा फूट. मधला एक फूट कुठं गेला?

त्या विचारात तिनं टेपचं टोक नकळत स्वतःच्या छातीला लावलं आणि टेप कुशीवरून पाठीपर्यंत नेली. जेमतेम फूटभर भरलं. तिचं तिलाच ते कळलं तेव्हा तिनं टेप सोडून दिली. पट्टी सळसळत परत गुंडाळली गेली, आणि त्या आवाजाचाही प्रतिध्वनी आला नाही.

रिपोर्ट कोरा ठेवून ती खाली आली. कचरूनं तिच्याकडं पाहिलं नाही. किल्ली मात्र तिच्याकडून हातात न घेता, तिला कठड्यावरच ठेवायला लावली.

३

“बिघडलं म्हणे!” अप्पारावांनी मीटर केबिनच्या भिंतीला लावलं, बटण दाबलं. बारा फूट. केबिन बाराचीच होती. “हा बिल्डर वर्षाला आपल्याकडं किती गिऱ्हाइकं पाठवतो, माहीत आहे? फूटभराचं कौतुक सांगते मला. शुक्रवारी परत जा आन् अकरा घेऊन ये. तुझी नोकरी अजून कच्ची आहे, लक्षात ठेव.”

संध्यानं जुनी फाईल काढली. बांधकाम चालू असताना त्याच फ्लॅटचे तीन रिपोर्ट संघपालनं केले होते. पहिल्यात, बेडरूमच्या लांबीपुढं, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: नऊ फूट चार इंच. त्यावर कुणीतरी लाल पेनानं अकरा केलं होतं. दुसऱ्या रिपोर्टात सहा फूट एक इंच; त्यावरही लाल अकरा. तिसऱ्यात आकडाच नव्हता. तिथं पेन इतकं दाबून धरलेलं होतं की कागदाला भोक पडलं होतं.

जिन्यात जाऊन तिनं संघपालला फोन लावला. तो आता चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअरला होता. मागं यंत्रांची धडधड ऐकू येत होती. आपण त्याच्या जागी आलोय, एवढंच तिनं सांगितलं.

“पाचशे तीन?” त्यानं विचारलं.

“हो.”

“नऊ फूट चार?”

“ते मीटर खराब आहे ना दादा?” तिनं कसंबसं विचारलं.

“ठिपका दिसला का तुम्हाला?”

“नाही. ऊन होतं.”

“दिसला नाय तेच बरं.” धडधड कमी झाली, तो यंत्रांपासून बाजूला आला असावा. “ताई, भिंत हलत नसते. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला एवढं कळतं. आकडा हलायला लागला की बोट उचला. तिसऱ्या वेळी मी बटण दाबलंच नाय, म्हणून आज इथं उभा आहे.”

“पण आहे काय तिथं?”

“मला काय माहीत? मी फक्त मोजलं.” आणि त्यानं फोन ठेवला. तिनं परत लावला तर नंबर ब्लॉक झालेला होता.

संध्या जिन्यातच स्वतःशी वाद घालत बसली. नोकरी सोडल्यावर माणूस काहीही बोलतो. तोही त्याच मीटरनं मोजत होता, मग चूकही तीच येणार. हे पटण्यासारखं होतं. पण पहिल्याला नऊ आणि दुसऱ्याला सहा, ही चूक तीच कशी?

४

गुरुवारी त्या फ्लॅटची गिऱ्हाईक ऑफिसात आली. रईसा, तिशीची, एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. रात्रपाळी करून सरळ तिकडूनच आली होती. नवरा वारला होता. सहा वर्षांच्या मुलीला, मंतशाला, घेऊन ती गुलमंडीच्या मागं एका खोलीत भाड्यानं राहत होती आणि मालकानं महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं होतं.

“मॅडम, रिपोर्ट तेवढा राहिलाय म्हणे.”

“ताई, बेडरूमच्या मापात जरा घोळ आहे,” संध्या म्हणाली. मग आवाज खाली करून तिनं पुढचं बोलून टाकलं. “तुम्ही दुसरा फ्लॅट का बघत नाही?”

रईसाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “दुसरा?”

“म्हणजे तिथंच घ्यायला पाहिजे असं काही नाही ना.”

“चार बिल्डिंगा बघितल्या मी. फोनवर सगळे ‘या या’ म्हणायचे. नाव सांगितलं की कुणाचा फ्लॅट अचानक विकला जायचा, कुणाचा भाऊ अमेरिकेहून परत यायचा.” ती ओरडत नव्हती, ओरडली असती तर बरं झालं असतं. “हा पाचवा आहे. इथं मापात घोळ आहे. बहाने लई ऐकलेत मॅडम मी. तुमचा नवा आहे, बस.”

संध्याचा चेहरा तापला. शहरात खोली शोधताना तिलाही लोकांनी आधी आडनाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर त्यांना भाऊ, भाचे, पाहुणे आठवले होते. त्या लोकांच्या रांगेत आज ही बाई आपल्याला उभी करतेय, आणि खरं कारण सांगितलं तर वेड्यात काढेल.

“तसं नाहीये, ताई,” ती म्हणाली. “उद्या सकाळी तुम्हीच चला. तुमच्यासमोर मोजते.”

कुणीतरी सोबत असलं की ते होणार नाही, असं तिला वाटलं होतं.

५

शुक्रवारी दहा वाजता तिघी पाच मजले चढल्या. बिल्डिंगला बाहेरून रंग द्यायचं काम निघालं होतं, त्यामुळं सगळ्या खिडक्यांवरून हिरवी जाळी सोडली होती. आत शेवाळलेल्या हौदात असतो तसला उजेड होता.

मंतशा दारातून सुटली ती थेट बेडरूममध्ये. संध्या तिच्यामागं धावली. पण पोरगी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळाली, गिरकी घेतली, परत पळाली. कशालाही अडखळली नाही. रईसा खोलीच्या मधोमध उभी राहून हातांनी जागा दाखवत होती. पलंग इथं, कपाट तिथं, खिडकीखाली पोरीचा अभ्यास. संध्या बघत राहिली आणि तिची तिलाच लाज वाटायला लागली. एक बिघडलेलं मीटर आणि एक नोकरीतून पळालेला माणूस, एवढ्यावर आपण या बाईचं घर अडवायला निघालो होतो!

“किचनमध्ये नळाला पाणी आलं का बघते,” म्हणत रईसा पोरीला घेऊन गेली. त्यांचे आवाज आतून येऊ लागले. वाहणारं पाणी, मंतशाचं खिदळणं, सगळं दहा पावलांवर होतं. संध्यानं दारालगतच्या भिंतीला पाठ लावली, मीटरची कड भिंतीला टेकवली आणि बटण दाबलं.

टीक. चार फूट दोन इंच.

या वेळी ऊन नव्हतं. या वेळी ठिपका दिसला.

तो समोरच्या भिंतीवर नव्हता. तिच्यापासून चार फुटांवर, तिच्या छातीच्या उंचीला, हवेत होता. त्याच्या मागं कागद नव्हता, कापड नव्हतं, काहीही नव्हतं; पलीकडची पांढरी भिंत सरळ दिसत होती. मसुराच्या दाण्याएवढा लाल ठिपका नुसताच अधांतरी टेकला होता.

धूळ असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पुट्टीची धूळ हवेत असते, तिच्यावर उजेड पडतो. पण मग सबंध रेघ दिसली असती. आणि धूळ अशी हलली नसती.

ठिपका हलत होता. किंचित पुढं यायचा, किंचित मागं जायचा. बटण दाबून धरलं की मीटर थांबत नाही, क्षणाक्षणाचं माप दाखवत राहतं. आणि तिच्या बोटानं ते दाबून धरलं होतं. चार फूट दोन. चार फूट एक. चार फूट दोन. चार फूट एक. झोपलेल्या माणसाचं पोट जसं वरखाली होतं, त्या लयीत आकडा पुढंमागं होत होता.

बोट उचल, तिनं स्वतःला बजावलं. बोट तिचंच होतं, पण ते उचललं जाईना.

तीन फूट दहा. मग ती लय थोडी जलद झाली, झोपेतून कुणी जागं व्हावं तशी. तीन फूट दोन. दोन फूट सात. पावलांचा आवाज नव्हता. फक्त किचनमधलं पाणी आणि मंतशाचं हसणं दूर दूर जात होतं, कुणीतरी मध्ये येऊन उभं राहिल्यासारखं. एक फूट चार. तिच्या तोंडावर ऊब आली. त्या उबेला वास नव्हता. लाल ठिपका आता इतका जवळ होता की तिला हनुवटी खाली करून तो बघावा लागला, आणि हनुवटी खाली करायला पुरेशी जागा नव्हती.

फार जवळचं मोजता आलं नाही की मीटर आकड्याच्या जागी आडव्या रेघा दाखवतं. मीटरनं आडव्या रेघा दाखवल्या.

“मॅडम? झालं का?”

रईसा दारात उभी होती, ओले हात ओढणीला पुसत. संध्या जिथं होती तिथंच होती. खोली रिकामी होती. ठिपका सरळ समोरच्या भिंतीवर पडला होता, लाल आणि ठसठशीत.

रईसानं पुढं होऊन तिच्या हातातला आकडा वाचला. “अकरा फूट. बराबर है ना?”

“बरोबर आहे,” संध्या म्हणाली. आणि तिचा आवाज खोलीत घुमला.

तिनं तिथंच, भिंतीवर कागद धरून, रिपोर्टवर सही केली. सही करताना मनात एकच विचार होता: आकडा खरा आहे, मी खोटं लिहिलेलं नाही.

६

त्यानंतर संध्यानं ते मीटर वापरलं नाही. बिल्डिंगवर जायची, दारातून फोटो काढायची आणि नकाशातले आकडे रिपोर्टात उतरवायची. अप्पाराव खूश होते. “आता शिकलीस काम,” म्हणाले, आणि ऑगस्टमध्ये तिची नोकरी पक्की झाली. वडिलांनी फोनवरून विचारलं, “खूश आहेस ना बाळा?” ती हो म्हणाली. तब्येतीला काही झालं नव्हतं. खोलीत एकटीला झोप लागत नव्हती, एवढंच. पाठीला सतत ऊब जाणवायची. पंखा पाचावर ठेवूनही जात नव्हती.

रईसाचे मात्र दोनतीन फोन येऊन गेले होते. “त्या दिवशी लई बोलले मी तुम्हाला. एकदा घरी या, चहा घ्या.” संध्या टाळत राहिली. पण आपण त्या मायलेकींना कशात ढकललं हा घोर तिला खात होता, आणि शेवटी एका रविवारी दुपारी ती गेली.

घर ओळखू येत नव्हतं. दाराला मोत्यांचं तोरण, हॉलमध्ये भिंतीला लावून दिवाण, त्यावर भरतकामाची चादर. मंतशा जमिनीवर चित्रं रंगवत होती. रईसानं तिला आग्रहानं बेडरूम दाखवली. पलंग, कपाट, खिडकीखाली छोटं टेबल, सगळं ठरवलं होतं तिथंच होतं. संध्या उंबऱ्यावरच थांबली.

“झोप लागते का इथं?” तिनं विचारलं.

“अल्लाची मेहेरबानी आहे. पडल्या पडल्या लागते.” रईसा हसली. “पण गंमत सांगू? पहिल्यांदा बघायला आले ना, तेव्हा खोली कशी भरल्यासारखी वाटली होती. रिकामी असून. आता एवढं सामान घातलं तरी मोकळीच वाटते.”

संध्याला एकदम हलकं वाटलं. या दोघींना काही नाही. यांच्या घरात काही नाही. डोळे भरून आले ते लपवायला ती वळली आणि हॉलमध्ये येऊन दिवाणावर बसली. कित्येक आठवड्यांनी अंग सैल सोडून ती मागं रेलली. पाठ टेकली. तिनं डोळे मिटले.

रईसा चहाचा ट्रे घेऊन आली आणि तिच्याकडं बघून म्हणाली, “अहो मॅडम, असं अवघडून का बसलात? मागं टेकून बसा की आरामात.”

“टेकूनच बसलेय,” संध्या म्हणाली.

रईसा हसायला गेली आणि थांबली. तिची नजर संध्याच्या पाठीवर गेली, मग पाठीमागच्या भिंतीवर, आणि मग त्या दोहोंच्या मधल्या फूटभर रिकाम्या जागेत अडकून राहिली. तिनं ट्रे हळूच खाली ठेवला. नजर न हलवता हात लांब केला आणि मंतशाला दंडाला धरून आपल्याकडं ओढून घेतलं.

“मॅडम,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज त्या दिवशी ऑफिसात होता तसला झाला होता, “तुम्ही जा आता इथून.”